बंद व्हॅनवरून उघड्या ट्रेलरवर

बंद बॉडीची व्हॅन किंवा छोटा कंटेनर चालवणारा चालक उघड्या, सपाट फ्लॅटबेड ट्रेलरवर जातो तेव्हा बदल केवळ गाडीच्या लांबीत होत नाही. बंद गाडीत मालाला चार भिंती आणि छप्पर असते. गोदामात दार लागले, सील ठोकले, की चालकाचा मालाशी संबंध उतरवण्याच्या ठिकाणापर्यंत जवळजवळ संपतो. फ्लॅटबेडला ना हौदा, ना फाळका. वीस-बावीस टनांची कॉइल किंवा पाइपांची मोळी जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम साखळ्या, बेल्ट आणि लाकडी ठोकळे करतात, आणि ते नीट लागले आहेत की नाहीत हे पाहणे चालकाच्या अंगावर येते. गाडी हाकता येते म्हणजे झाले, असे समजून या कामात शिरणारा पहिला अडतो तो इथेच.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पोलाद, बंदर आणि यंत्रसामग्री यांच्या आधाराने चालते. पेणजवळच्या डोलवीचा पोलाद कारखाना, नवी मुंबईतले कळंबोलीचे पोलाद मार्केट, जालन्याच्या सळईच्या मिल, उरणचे जवाहरलाल नेहरू बंदर, चाकणचे यंत्रकारखाने ही त्यातली नेहमीची ठिकाणे. व्हॅनच्या कामात दिवसाला दहा-वीस ठिकाणी थांबे असतात आणि चालक बहुधा रात्री घरी पोहोचतो. ट्रेलरवर एकच माल, एकच ठिकाण. पण भरण्यासाठी कारखान्याच्या फाटकाबाहेर आठ-दहा तास रांगेत काढावे लागतात आणि घर आठवडाभर दिसत नाही. शिवाय हे उन्हापावसात, अंगमेहनतीने करायचे काम आहे. कंबर किंवा गुडघे दुखत असतील, तर तीस-चाळीस किलोची ताडपत्री ओढत मालावर चढणे रोज जमेल का, याचा विचार आधी झालेला बरा.

परवाना

व्हॅनचा परवाना ट्रेलरला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. छोटा हत्ती, पिकअप, व्हॅन हे सगळे त्यात बसते. ट्रेलर त्याच्या कितीतरी पुढचा आहे, त्यामुळे जड मालवाहू वाहनाची नोंद परवान्यावर हवीच. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार त्यासाठी वय किमान 20 वर्षे लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर जुना असावा लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्रही जोडावे लागते. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019मध्ये काढली गेली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनाच्या परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

परवाना हातात आला म्हणून थेट ट्रेलरवर बसणे शहाणपणाचे नाही. मध्ये काही महिने दहा चाकी ट्रक चालवला, की हवेचे ब्रेक, लांब गाडीचे वळण आणि घाटातला गिअर या तिन्ही गोष्टी अंगवळणी पडतात. अनुभवी चालकाबरोबर सहचालक म्हणून केलेल्या काही फेऱ्या त्याहून मोलाच्या, कारण माल बांधणे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फारसे कुणी शिकवत नाही.

माल बांधणे

वीस टनांचा माल जड आहे, तो कुठे हलतोय, ही समजूत या धंद्यात सर्रास ऐकू येते आणि तीच सर्वांत घातक आहे. गाडी जोरात ब्रेक लावून थांबते तेव्हा माल त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. युरोप-अमेरिकेत माल बांधण्याचे जे निकष आहेत, त्यांत पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना व मागे साधारण 0.5 पट जोर धरला जातो. म्हणजे 20 टनांची कॉइल ब्रेक लागताच 16 टनांच्या जोराने केबिनकडे रेटते. वजन जास्त तितका हा जोरही जास्त. जडपणाने सुरक्षितता येत नाही.

आता बेल्ट काय करतो ते पाहू. बाजारात 5 टनी म्हणून मिळणारा 50 मिलिमीटर रुंदीचा बेल्ट साधारणपणे 5 टनांना तुटतो. सरळ ओढीत त्याच्यावर टाकण्याजोगा भार त्याच्या निम्मा, अडीच टनच असतो. आणि मालावरून आडवा टाकून रॅचेटने आवळला, तर त्यात प्रत्यक्ष ताण येतो तो फक्त 300 किलोच्या आसपास, कारण हाताच्या जोराने रॅचेट त्याहून फारसे आवळतच नाही. चांगल्या बेल्टच्या निळ्या किंवा पांढऱ्या लेबलवर एस.टी.एफ. या अक्षरांपुढे हाच आकडा छापलेला असतो. दोन्ही बाजूंचा मिळून मालावर खाली दाब पडतो जेमतेम 600 किलो.

लाकडी फळीवर ठेवलेले लोखंड स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंतचा रेटा घर्षणाने सोसते असे धरले, तर 16 टनांपैकी 6 टनांचा रेटा घर्षणानेच थोपवला जातो. उरले 10 टन. एका बेल्टचा 600 किलो दाब त्याच हिशेबाने 180 किलो रेटा थोपवतो. म्हणजे केवळ वरून बेल्ट टाकून ही कॉइल अडवायची, तर पन्नासहून अधिक बेल्ट लागतील. रस्त्यावर प्रत्यक्षात तीन किंवा चार दिसतात. बेल्ट निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. जड मालाला आधी अडवायचे आणि मग बांधायचे, हा क्रम यातून निघतो.

अडवायचे म्हणजे मालाच्या पुढे पक्का अटकाव ठेवायचा. माल शक्यतो पुढच्या हेडबोर्डला टेकवून भरावा. एक्सलवरचा भार बिघडतो म्हणून तो मागे ठेवावा लागला, तर मधली जागा जाड लाकडाने भरून काढावी. कॉइलखाली पाचरी असतातच, पण त्या नुसत्या सरकवलेल्या नकोत. एकमेकींना आडव्या लाकडाने जोडलेल्या किंवा चौकटीत बसवलेल्या असाव्यात. त्यानंतर साखळ्या. 10 मिलिमीटरची, ग्रेड 80ची साखळी सरळ ओढीत 6.3 टनांपर्यंत भार घेते. ती कॉइलच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या भोकातून, घालून तिरकी मागे ओढली, तर पुढे जाणारा माल ती प्रत्यक्षच धरून ठेवते, केवळ दाबून नव्हे. बेल्ट आणि साखळी यांच्यातला फरक येथे आहे.

कॉइल कशी ठेवली आहे यावरही बरेच अवलंबून असते. डोळा आकाशाकडे असेल तर ती घरंगळत नाही, पण अरुंद आणि उंच असेल तर वळणावर कलंडू शकते. डोळा गाडीच्या लांबीच्या दिशेने असेल, तर ती सुटल्यास बाजूला घरंगळते. डोळा आडवा, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडांकडे असेल, तर तिची घरंगळण्याची दिशा थेट केबिनची. या तिसऱ्या पद्धतीला अनुभवी चालक नाखूश असतात ते उगाच नाही. कारखान्याच्या क्रेनवाल्याला घाई असते. कॉइल कशी बसली आहे हे मान्य नसेल, तर क्रेनचा हूक सुटण्याआधी सांगावे लागते. नंतर वीस टन कुणी उचलून देत नाही.

सळईची अडचण वेगळी. सळई बहुधा 12 मीटर लांब येते. 40 फुटी ट्रेलर सुमारे 12.2 मीटर, त्यामुळे ती त्यावर नेमकी बसते. छोट्या ट्रकमध्ये ती दुमडून तरी भरतात किंवा बाहेर काढतात. तेल लागलेले लोखंड लोखंडावर बर्फासारखे सरकते, आणि मोळीच्या आतल्या सळया बाहेरच्या बेल्टला दादच देत नाहीत. म्हणून थरांमध्ये लाकडी पट्ट्या घालाव्यात, प्रत्येक मोळी तारेने स्वतंत्र आवळलेली आहे का ते पाहावे आणि हेडबोर्ड मालाच्या उंचीइतका तरी असावा. रबराच्या घर्षण-चटया मिळाल्या तर फारच उत्तम. त्यांच्यावर माल निम्म्याहून अधिक रेटा आपणच सोसतो.

बेल्टचा कोनही पाहावा लागतो. माल बुटका आणि रुंद असेल तर बेल्ट जवळजवळ आडवा पडतो. ट्रेलरच्या पाटावरून तो 30 अंशांचाच कोन करत असेल, तर त्याचा दाब उभ्या बेल्टच्या निम्म्यावर येतो. धारदार कडेवर उघडा बेल्ट टाकला, तर तो शंभर किलोमीटरच्या आत कापला जाऊ शकतो; कडेला लोखंडी कोन किंवा प्लास्टिकचा बूट लावावा, तो नसेल तर जुन्या टायरची पट्टी. शिवण उसवलेला, गाठ मारलेला, कडेने फाटलेला बेल्ट फेकूनच द्यावा. गाठ मारलेल्या जागी त्याची ताकद किती उरली हे कुणालाच सांगता येत नाही. दोरखंडावर मात्र मदार ठेवू नये. तो ताडपत्रीला ठीक. लोखंडाला बांधला तर पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सैल पडतो.

सैल बेल्टही पडतो, साखळीही पडते, कारण माल रस्त्यावर हादऱ्यांनी बसतो, लाकूड दबते. अमेरिकेच्या नियमांत निघाल्यापासून पहिल्या 50 मैलांच्या आत, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरमध्ये, बांधणी तपासण्याची सक्ती आहे आणि त्यानंतर दर 150 मैलांनी किंवा तीन तासांनी. ही सवय इकडेही उचलण्यासारखी आहे. डोलवीहून पुण्याकडे निघालेल्या गाडीने ती तपासणी घाट चढण्याआधी करावी. घाटात थांबायला जागा मिळेलच असे नाही.

ताडपत्री

कॉइल, पत्रे, यंत्राचे भाग पाण्याने गंजतात आणि गंजलेला माल घेणारा परत करतो. कोकणातला पाऊस बाजूनेही मारतो, म्हणून ताडपत्री नुसती वर टाकून भागत नाही, खालपर्यंत उतरवून बांधावी लागते. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी पसरायची आणि पुढची तिच्यावर चढवायची. उलटे केले तर वारा जोडातून आत शिरतो आणि पुण्याला पोहोचेपर्यंत चिंध्या होतात. मध्ये खळगा राहिला तर पाणी साचते. तिथे लाकडाचा आधार देऊन उतार काढावा.

मालावर चढून ताडपत्री ओढताना पडणे हा या कामातला खराच धोका आहे. ट्रेलरचा पाट जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, त्यावर माल दोन मीटर. पडणारा काँक्रीटवर साडेतीन मीटरवरून पडतो. वारा असताना कडेकडे पाठ करून ओढू नये. कारखान्यात चढण्यासाठी मचाण किंवा पट्ट्याची सोय असेल, तर दहा मिनिटे जास्त गेली तरी तीच वापरावी. हेल्मेट, जाड हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि चमकणारे जाकीट हे व्हॅनच्या चालकाला अनोळखी सामान. मोठ्या कारखान्यांत त्याशिवाय आत सोडत नाहीत.

वजन, मापे आणि कागद

व्हॅनमध्ये मालाने जागा आधी भरते, वजन नंतर. लोखंडाच्या ट्रेलरवर उलटे घडते: अर्धा पाट रिकामा दिसत असतानाच वजनाची मर्यादा संपते. जुलै 2018मध्ये केंद्राने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. जोडएक्सलला 19ऐवजी 21 टन आणि ट्रेलरच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा 49वरून 55 टन झाली. प्रत्येक गाडीची स्वतःची मर्यादा मात्र तिच्या नोंदणी पुस्तकात असते आणि तीच लागू होते. एकूण वजन बरोबर असूनही माल फार पुढे किंवा फार मागे ठेवल्याने एखादा एक्सल जादा भरू शकतो, म्हणून काटा करताना शक्य तिथे एक्सलनुसार वजन पाहावे.

कायद्याच्या कलम 194प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. काट्यावर थांबायलाच नकार दिला तर 40,000. गाडीच्या बाहेर कुठल्याही बाजूने माल डोकावला तर तेवढेच 20,000. याच नियमातला एक बदल व्हॅनवरून येणाऱ्याने नीट लक्षात ठेवावा. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत सळया बाहेर ठेवण्याची मुभा होती. मागून येणाऱ्या वाहनांत त्या घुसून इतके बळी गेले, की 2014मध्ये ती मुभा काढून घेतली गेली. लाल फडके बांधून सळया बाहेर ठेवलेल्या गाड्या आजही दिसतात, पण फडक्याने काहीही कायदेशीर होत नाही.

सर्वसाधारण मालवाहू गाडीची रुंदी 2.6 मीटर आणि उंची 4 मीटरपर्यंत चालते. पाट दीड मीटरवर असला तर मालाला अडीच मीटरच उरतात. मोठे ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीची पाती असा मापाबाहेरचा माल वेगळ्या परवानगीवर जातो, आणि नव्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये. अशा मालाच्या ई-वे बिलाचा हिशेबही निराळा: साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, मापाबाहेरच्या मालाला 20 किलोमीटरला एक. कुठल्याही मालाच्या ई-वे बिलाची मुदत रस्त्यात संपत आली, तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून ते आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते. फाटकाबाहेर रांगेत गेलेला दिवस या मुदतीतूनच जातो, म्हणून ऑफिसला वेळेत फोन करावा.

गाडी चालवणे

पुढचा घोडा, म्हणजे ओढणारी गाडी, आणि मागचा ट्रेलर वेगळे असल्याने जोडणी रोज पाहावी लागते. फिफ्थ व्हीलचा लॉक पूर्ण बसला आहे का, ते बॅटरी मारून डोळ्याने पाहायचे. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलका पुढे ओढून बघायचा. हवेचे आणि विजेचे पाइप लोंबत नाहीत ना, टेकूचे पाय पूर्ण वर गेले आहेत ना, हेही त्यातच आले. बाजूंना पिवळ्या, मागे लाल आणि पुढे पांढऱ्या चमकत्या पट्ट्या स्वच्छ ठेवाव्यात. रिकामा फ्लॅटबेड अंधारात बाजूने जवळजवळ दिसतच नाही आणि चौकात आडवा उभा असला तर मोटारसायकलवाला सरळ त्याखाली जातो.

वळणावर मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात. शहरातल्या डाव्या वळणावर आत आलेली दुचाकी आरशात दिसेलच असे नाही. मागे घेताना स्टिअरिंग उलट वागते, आणि हे मोकळ्या मैदानात शिकायचे असते, गिऱ्हाइकाच्या फाटकात नव्हे. रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर ब्रेकला लवकर घसरतो, त्यामुळे परतीची फेरी सोपी धरू नये.

घाटात खरी परीक्षा. खंडाळ्याहून खोपोलीकडे किंवा इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना वरच्या टोकालाच खालचा गिअर टाकावा आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवावा. पायाचा ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ आणि ठामपणे. सतत पाय ठेवला तर ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते, आणि ब्रेक फेल झाले असे जे पेपरात छापून येते त्यात हे कारण बरेचदा असते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा चालक अजूनही भेटतो. जिथे बांधणीचा प्रत्येक दुवा पुढच्या दिशेने ताणलेला असतो, तिथे त्याच उतारावर इंजिनाचा आधार सोडून देणे याला धाडस म्हणता येणार नाही.

मालकाशी बोलणे

काम धरण्याआधी काही गोष्टी साफ विचाराव्यात. बेल्ट, साखळ्या, ताडपत्री कुणाच्या आणि हरवल्या तर कुणाच्या पगारातून कापायच्या. ताडपत्री बांधण्याचा वेगळा भत्ता आहे का. फाटकाबाहेर दुसरा दिवस लागला तर हॉल्टिंग चालकापर्यंत पोहोचते की मालकाकडेच राहते. उतरवताना मागितली जाणारी वाराई कुणी द्यायची. जादा वजनाचा दंड कुणी भरायचा. 2025पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 मध्ये दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती; पोलादाच्या धंद्यात ती सर्वत्र पाळली जात नव्हती, पण दोन चालकांची गाडी आहे की एकाची, एवढे तरी आधी कळायला हवे.

बिल्टीवर सही करण्यापूर्वी मालाचा, बांधणीचा आणि ताडपत्रीचा फोटो काढावा. पत्र्याची कड आधीच दुमडलेली असेल, गंज दिसत असेल, तर तसा शेरा बिल्टीवर भरणाऱ्याच्या समोर लिहून घ्यावा. बंद गाडीत सील शाबूत असले की वाद मिटतो. इथे सील नाही.

उतरवताना

प्रवासात माल सरकून बेल्टवर रेललेला असू शकतो. बेल्ट सोडला की तो त्याच बाजूला कोसळतो, पाइपांच्या बाबतीत तर क्षणात. म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही बाजूंनी एक फेरी मारावी आणि माल कलला आहे का ते पाहावे. कलला असेल तर क्रेनने किंवा फोर्कलिफ्टने आधार मिळेपर्यंत एकही बेल्ट उघडू नये. रॅचेट किंवा लोड बाइंडर सोडताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नये. ताणाखालचा दांडा उसळून जबडा फोडतो. मालाच्या दुसऱ्या बाजूला कुणी उभे नाही याची खात्री करूनच शेवटचा बेल्ट सुटावा, आणि क्रेन चालू असताना चालकाने पाटावर थांबू नये. माल उतरल्यावर बेल्ट गुंडाळून, साखळ्या मोजून पेटीत ठेवायच्या, ताडपत्री ओली असेल तर ती वाळवल्याशिवाय घडी घालायची नाही, आणि बिल्टीवर घेणाऱ्याची सही-शिक्का तारखेसह घेऊन मगच फाटकाबाहेर पडायचे.